हात दिसू नये, नाव मात्र दिसावं

(कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



शिबिराचं निमंत्रण देताना मला सांगितलं होतं, "तुम्ही वीस-बावीस वर्षं वस्त्यांमधून बाहुल्यांचे खेळ करता, त्याबद्दल बोला." ते मी बोलणारच आहे, पण थोडं नंतर. आधी मला चित्रपटातल्या बाहुल्यांबद्दल आणि त्या घडवणाऱ्या, खेळवणाऱ्या बायकांबद्दल सांगायचंय. त्यातही एका बाईच्या कामाबद्दल जरा सविस्तर. तिचं नाव वेंडी फ्राउड. अमेरिकेत वाढलेली आणि इंग्लंडमध्ये स्थायिक झालेली ही शिल्पकार. तिचं नाव तुमच्यापैकी फार थोड्याजणींनी ऐकलं असेल. पण तिच्या हातांतून गेलेला एक बाहुला तुमच्या घरातल्या मुलांना नक्की माहीत आहे. हिरवट अंगाचा, लांब कानांचा, काठी टेकत चालणारा म्हातारा, योडा. मुलांच्या दप्तरांवर आणि टी-शर्टांवर तो असतो.

कुणी म्हणेल, आपल्यापुढे रेशनचे, पाण्याचे, मारहाणीचे प्रश्न असताना हे परदेशी सिनेमाचं काय काढलंत? मी म्हणते, याच कामात आपला एक जुना प्रश्न अगदी उघडा दिसतो. बाईच्या श्रमातून वस्तू उभी राहते, वस्तू सगळ्यांना दिसते आणि बाई दिसत नाही. घरात हे होतं, शेतात होतं, तसं स्टुडिओतही होतं. फरक एवढाच की बाहुलीच्या धंद्यात लपणं हा कामाचाच भाग आहे. बाहुली खेळवणारी दिसली तर खेळ संपला. त्यामुळे इथे लपण्याचे दोन प्रकार वेगळे करून पाहावे लागतात. खेळासाठी हात लपवणं हा एक आणि कुणीतरी आपलं नाव लपवणं हा दुसरा. पहिला आपण स्वखुशीने स्वीकारतो. दुसरा आपल्यावर लादला जातो आणि पुष्कळदा पहिल्याचीच सबब सांगून लादला जातो.

आधी हे काम असतं कसं, ते सांगते. वस्तीत आमचं काम साधं असतं. रद्दी भिजवून लगदा करायचा, कीड लागू नये म्हणून त्यात मेथीची पूड घालायची, खळ घालायची, डोकं घडवायचं, वाळवायचं, रंगवायचं आणि खाली परकराच्या जुन्या कापडाचा मोजा शिवायचा. तीन दिवसांत बाहुली बोलायला लागते. चित्रपटातल्या प्राण्याला कित्येक महिने लागतात. पहिल्यांदा मातीत मूर्ती घडवायची. सुरकुत्या, पापण्या, ओठांच्या कडा, सगळं मातीत. त्या मूर्तीवरून प्लास्टरचा साचा काढायचा. मग लॅटेक्स म्हणजे रबराचा चीक यंत्रात फेसून साच्यात भरायचा आणि साचा भट्टीत भाजायचा. बाहेर येते ती स्पंजासारखी मऊ कातडी. ती एका कवटीवर चढवायची. कवटीच्या आत डोळे, भुवया, ओठ हलवायची यंत्रणा. सायकलच्या ब्रेकला जशी नळीतून जाणारी तार असते, तशा तारा बाहेर काढलेल्या असतात आणि एकेक तार एकेकाच्या हातात असते. मोठ्या चित्रपटांत पुढे रेडिओवर चालणाऱ्या छोट्या मोटारी आल्या. वर रंग, आणि केस हवे असतील तर सुईने एकेक टोचून लावायचे.

हे झालं घडवणं. खेळवणाऱ्यांची तऱ्हा आणखी वेगळी. त्यांचा हात तासन् तास डोक्यावर उंच. आपली बाहुली कशी दिसते हे बघायला पायाशी छोटा टीव्ही ठेवलेला असतो. त्यात चित्र आरशासारखं दिसत नाही, कॅमेऱ्याला दिसतं तसंच दिसतं. म्हणजे हात उजवीकडे नेला की बाहुली डावीकडे जाते. ही सवय व्हायला फार दिवस लागतात. खांदे आणि मान यांचं कायमचं दुखणं ही या धंद्याची ठरलेली कमाई.

आता वेंडीच्या आधीच्या एका बाईची हकीकत सांगते. तिच्याशिवाय वेंडीच्या कामाचं मोल कळणार नाही.

१९५४ साली अमेरिकेत 'क्रिएचर फ्रॉम द ब्लॅक लगून' नावाचा चित्रपट आला. त्यात कल्ल्यांचा, खवल्यांचा, पाण्यात राहणारा एक माणूसप्राणी आहे. आजही जगातल्या प्रसिद्ध चित्रपट-राक्षसांत त्याची गणती होते. त्याचं रूप रेखाटलं मिलिसेंट पॅट्रिक या बाईने. तिने आधी डिस्नेच्या स्टुडिओत काम केलं होतं. तिथली रीत अशी की चित्रांना हालचाल देणारे बहुतेक सगळे पुरुष आणि त्या चित्रांवर शाई गिरवून रंग भरणाऱ्या सगळ्या बायका. नोकरी मागणाऱ्या मुलींना १९३८ च्या सुमाराला ती कंपनी लेखी कळवत असे की, सर्जनशील काम तरुण पुरुष करतात, बायकांसाठी फक्त गिरवणं आणि रंग भरणं आहे. मिलिसेंट १९३९ मध्ये त्या रंगभरणीच्या खोलीतच दाखल झाली आणि तिथून पुढे सरकत ॲनिमेशनच्या विभागात पोचली. १९४० च्या 'फँटेझिया'त तिचं काम आहे. नंतर ती युनिव्हर्सल स्टुडिओच्या मेकअप विभागात आली.

जलचराचा चित्रपट तयार झाल्यावर स्टुडिओला वाटलं, इतका भयंकर राक्षस एका देखण्या बाईने काढला, ही छान जाहिरात आहे. तिला गावोगावच्या दौऱ्यावर पाठवायचं ठरलं. दौऱ्याचं नाव ठरत होतं, 'श्वापद निर्माण करणारी सुंदरी'. यावर मेकअप विभागाचा प्रमुख बड वेस्टमोर नाराज झाला. निर्माण करणारी? मग मी कोण? अखेर नाव बदललं, 'श्वापदासोबत राहणारी सुंदरी'. म्हणजे बघा, सुंदरी तीच, श्वापद तेच. मधलं क्रियापद फक्त बदललं. निर्माण करणारी होती ती सोबत राहणारी झाली! मिलिसेंटने दौरा केला, मुलाखतींमध्ये वेस्टमोरचं आणि विभागातल्या सहकाऱ्यांचं कौतुकही केलं. एवढं करून दौऱ्याच्या अखेरीस तिच्या हातून ते काम गेलं. चित्रपटात मेकअपसाठी नाव लागलं ते एकट्या वेस्टमोरचं. पुन्हा कधी राक्षस रेखाटण्याचं काम तिला मिळालं नाही. किरकोळ भूमिका करत राहिली, १९९८ मध्ये गेली. मॅलरी ओमेरा या लेखिकेने जुनी कागदपत्रं, पत्रव्यवहार धुंडाळून तिचं चरित्र लिहिलं ते २०१९ मध्ये. म्हणजे चित्रपटानंतर ६५ वर्षांनी.

इथे एक गोष्ट नीट सांगायला हवी. तो जलचर एकट्या मिलिसेंटचाही नव्हता. डोक्याची मूर्ती ख्रिस म्युलरने घडवली, अंगाच्या रबरी पोषाखाचं काम जॅक केव्हनने केलं, पोषाख घालून जमिनीवर बेन चॅपमन वावरला आणि पाण्याखाली रिको ब्राउनिंग पोहला. यांच्यापैकी कुणाचं श्रेय काढून ते बाईला द्या, असं आपलं म्हणणं नाही. पाच-सहा जणांचं काम एका विभागप्रमुखाच्या नावावर जमा झालं, याला आपली हरकत आहे. आणि त्यातही आधी चर्चेत आणून मग पूर्ण पुसली गेली ती बाई.

आता वेंडी. तिचा जन्मही १९५४ चा, डेट्रॉइटचा. माहेरचं नाव वेंडी मिडनर. आईवडील दोघं कलाकार. ती लहानपणापासून बाहुल्या करायची. मुलींच्या खेळातल्या गुलाबी गालांच्या बाहुल्या नव्हेत. जंगलातले, परीकथांतले, अर्धे माणूस अर्धे झाड वाटावेत असे जीव. डेट्रॉइटच्या कलाशाळेत शिकली, मग न्यूयॉर्कला आली. तिथे तिच्या बाहुल्या जिम हेन्सन यांच्या मंडळींच्या नजरेस पडल्या. मपेट्स या बाहुल्यांचे कर्ते ते हेन्सन. सत्तरच्या दशकाच्या शेवटी त्यांच्या डोक्यात एक चित्रपट होता, ज्यात पडद्यावर एकही माणूस दिसणार नाही. सगळी पात्रं बाहुल्यांची. त्यासाठी त्यांनी वेंडीला घेतलं.

तो चित्रपट पुरा व्हायच्या आधीच मधे दुसरं काम आलं. 'द एम्पायर स्ट्राइक्स बॅक' या चित्रपटाला एक गुरू हवा होता, दोन-सव्वादोन फूट उंचीचा. लंडनजवळच्या एल्स्ट्रीच्या स्टुडिओत मेकअपतज्ज्ञ स्टुअर्ट फ्रीबॉर्न यांनी त्याचा चेहरा घडवला. स्वतःचा चेहरा आणि आइन्स्टाइनचा चेहरा यांच्या आधाराने त्यांनी तो केला. हेन्सन यांच्याकडून मदतीला गेलेल्या वेंडीने त्याच्या बांधणीचं काम केलं. त्या वेळी ती पंचविशीत होती. त्याला खेळवणारे प्रमुख फ्रँक ऑझ आणि त्यांच्या जोडीला आणखी हात, त्यांत कॅथरिन मलन ही बाई होती आणि वेंडीही होती. दलदलीचा सगळा देखावा जमिनीपासून उंच उभा केला होता आणि खालच्या अंधारात ही मंडळी हात वर करून दाटीवाटीने उभी असायची. वर मात्र एक म्हातारा गुरू शांतपणे बसून शिष्याला उपदेश करतोय!

चित्रपट १९८० मध्ये आला. शेवटी पडद्यावर सरकत जाणाऱ्या नामावलीत, योडाच्या बांधणीपुढे, बारीक अक्षरांत वेंडी मिडनरचं नाव आहे. मिलिसेंटच्या चित्रपटानंतर २६ वर्षांनी आलेली ही एक ओळ. कुणाला ती किरकोळ वाटेल, मला वाटत नाही. मिलिसेंटला हीच एक ओळ मिळाली नव्हती आणि तिचं काम तिथेच थांबलं. वेंडीला ती मिळाली आणि तिचं काम पुढे चाललं.

१९८२ मध्ये हेन्सन यांचा तो माणसांविना चित्रपट पडद्यावर आला, 'द डार्क क्रिस्टल'. त्याचं सगळं जग ब्रायन फ्राउड या इंग्रज चित्रकाराने रेखाटलं होतं. जेन आणि किरा ही नायक-नायिकेची जोडी घडवण्याचं काम वेंडीकडे होतं. बाहुली करणाऱ्या कुणालाही विचारा, राक्षस सोपा. राक्षसाचं नाक कसंही चालतं. पण माणसाजवळ जाणारा चेहरा कठीण, कारण बघणाऱ्याला माणसाचा चेहरा पाठ असतो. जरा चुकलं की तो प्रेतासारखा दिसतो. या चित्रपटात खेळवणाऱ्यांचेही फार हाल होते. गार्थिम नावाच्या किड्यासारख्या राक्षसाचा पोषाख सुमारे तीस किलोंचा होता. आतल्या माणसाला दर थोड्या वेळाने पोषाखासकट वर टांगून विसावा द्यावा लागे.

याच कामात वेंडी आणि ब्रायन यांची ओळख झाली, १९८० मध्ये त्यांनी लग्न केलं. त्यानंतर ती फ्राउड झाली. इथे आपल्यापैकी पुष्कळजणी हसतील, कारण ही अडचण आपल्या ओळखीची आहे. दहावीच्या प्रमाणपत्रावर एक नाव, रेशनकार्डावर दुसरं. १९८० च्या यादीत शोधायला जावं तर तिथे मिडनर आहे आणि आज लोक तिला ओळखतात फ्राउड म्हणून. दोन्ही एकच बाई, हे मुद्दाम सांगावं लागतं. ब्रायनची कारकीर्द एकाच नावाने सलग वाचता येते. आडनाव बदलावं की नाही, हा जिचा-तिचा निर्णय आहे. पण त्याची किंमत नोंदींमध्ये कोण मोजतं, हे लक्षात ठेवा.

१९८४ मध्ये त्यांना मुलगा झाला, टोबी. १९८६ मध्ये हेन्सन यांचा 'लॅबिरिंथ' आला. त्यात भुतांनी पळवून नेलेलं जे पट्ट्यापट्ट्यांच्या कपड्यांतलं बाळ आहे, ते म्हणजे हाच टोबी. आजूबाजूची भुतं आईबापांच्या कामातली आणि त्यांच्या गराड्यात घरचंच मूल! कामाच्या ठिकाणी बाळ घेऊन जायला मिळालं आणि ते चित्रपटातही घेतलं गेलं, अशी गोष्ट विरळा. आपल्याकडे बांधकामावरच्या बाईचं मूल वाळूच्या ढिगावर झोपतं आणि पाळणाघराचा कायदा कागदावर राहतो. ही तुलना मी गंमत म्हणून करत नाही. बाळंतपणानंतर किती चांगल्या कारागीर या धंद्यातून आणि सगळ्याच धंद्यांतून गळतात, ते आपण बघतो. हेन्सन यांची पत्नी जेन ही त्यांच्या १९५५ च्या पहिल्या टीव्ही कार्यक्रमापासून बरोबरीने बाहुल्या खेळवत होती. मुलं झाली, साठीच्या दशकाच्या सुरुवातीला ती त्या कामातून बाजूला झाली. तिच्या जागी दुसरे लोक आले आणि जगाला नाव माहीत झालं ते जिम हेन्सन यांचं. वेंडीचं काम मात्र सुटलं नाही. ती इंग्लंडमध्ये डेव्हन परगण्यात राहून बाहुल्या घडवत राहिली, त्यांची पुस्तकं झाली, शिकवायला लागली. २०१९ मध्ये 'डार्क क्रिस्टल'ची नवी मालिका आली, संगणकाच्या काळातही खऱ्या बाहुल्या वापरून केलेली. तेव्हा वेंडी पुन्हा त्या कामात होती आणि मुलगा टोबी तिथे रचनेची देखरेख करत होता.

वेंडीला पुष्कळ ठिकाणी 'योडाची आई' म्हणतात. प्रेमाने म्हणतात, तिलाही त्याचं काही वाईट वाटत नसेल. पण फ्रीबॉर्न यांना कुणी 'योडाचा बाप' एवढंच म्हणून थांबत नाही. त्यांना शिल्पकार म्हणतात, रचनाकार म्हणतात. बाईने केलं की ते 'आईपण' होतं, म्हणजे जणू आपोआप घडलेलं, मायेतून झालेलं. त्यात भट्टीचा धूर नाही, मातीवरची कोरणी नाही, आठवड्याचा पगार नाही. मिलिसेंट 'सुंदरी' झाली आणि वेंडी 'आई' झाली. दोघी कारागीर होत्या, हा शब्द दोघींच्या वाट्याला उशिरा आला.

आता आवाज आणि हात यांच्याबद्दल थोडं. मपेट्समधली सर्वांत प्रसिद्ध बाईबाहुली म्हणजे मिस पिगी. नटवी, ठसकेबाज, प्रसंगी समोरच्याला तडाखा देणारी. १९७४ मध्ये तिचं रूप घडवलं बॉनी एरिक्सन या बाईने आणि तिला बोलकं केलं फ्रँक ऑझ या पुरुषाने. हे आपल्यालाही नवीन नाही. अर्धवटराव आणि आवडाबाई हे जोडपं महाराष्ट्राने किती वर्षं पाहिलं! अर्धवटरावांवर खेकसणाऱ्या आवडाबाईंचा आवाज शब्दभ्रमकार रामदास पाध्ये यांचा. १९९३ च्या 'झपाटलेला'तला तात्या विंचूही त्यांचाच. पाध्ये यांची कला मोठी आहे, त्याबद्दल वाद नाही. पण त्यांच्याबरोबर बाहुल्यांच्या कामात असणाऱ्या अपर्णा पाध्ये यांचं नाव आपल्यापैकी किती जणींना येतं, हे मनाशी विचारून बघा. राजस्थानातल्या भाट कुटुंबांतही कठपुतळीच्या दोऱ्या परंपरेने पुरुषाच्या बोटांत आणि बाजूला ढोलक घेऊन बसलेली बाई. खेळ कोणाचा, असं विचारलं की बोट दोऱ्यांकडे जातं.

परदेशात बाईचा हात या कामात शिरला तो पुष्कळदा 'उजवा हात' म्हणून. मोठ्या बाहुलीत मुख्य कलाकार तोंड आणि डावा हात हलवतो आणि त्याला चिकटून उभं राहून दुसरं कुणीतरी फक्त उजवा हात हलवतं. म्हणजे खऱ्या अर्थाने दुसऱ्याचा उजवा हात! 'सेसमी स्ट्रीट' या मुलांच्या कार्यक्रमात १९७० मध्ये फ्रॅन ब्रिल आली, तेव्हा तिथल्या बाहुलीकारांत ती पहिली बाई होती. तिने पुढे प्रेअरी डॉन आणि झोई या मुलींच्या बाहुल्या नावारूपाला आणल्या. मुलीच्या बाहुलीत बाई असली तर मुलगी वेगळी बोलते, हे तिने दाखवलं.

बाईचं शरीर आत आणि आवाज दुसऱ्याचा, असंही होतं. 'डार्क क्रिस्टल'मधली किरा कॅथरिन मलनने खेळवली आणि आवाज दुसऱ्या बाईचा घातला. 'लॅबिरिंथ'मधला हॉगल हा खुजा म्हातारा घ्या. त्या जाड पोषाखात शारी वायझर ही बाई होती आणि त्याच्या चेहऱ्यातल्या १८ मोटारी बाहेरून चौघेजण रेडिओने चालवत. तिने मान वळवली की त्यांनी डोळे वळवायचे. या चित्रपटात दोघांचीही नावं दिली आहेत. हॉगल म्हणून शारी वायझर आणि आवाज ब्रायन हेन्सन. म्हणजे मनात आणलं तर नीट लिहिता येतं! याच्या उलट १९८२ चा 'ई.टी.' बघा. परग्रहावरून आलेला तो प्राणी साऱ्या जगाने पाहिला. त्याचा घोगरा आवाज मुख्यतः पॅट वेल्श या वयस्क बाईचा होता. सिगारेटी ओढून ओढून आवाज खरखरीत झालेला. त्या आवाजाने जगभरची मुलं रडली आणि नामावलीत तिचं नाव नव्हतं.

मग कुणी विचारतं, "पण बाई, नावाचा एवढा सोस कशाला? काम चांगलं झालं ना? सगळ्यांनी मिळून केलं ना?" हे वाक्य आपण चळवळीतही ऐकतो. कधी कधी आपणच बोलतो. त्याला माझं उत्तर असं आहे.

नाव म्हणजे मोठेपणा नव्हे, नाव म्हणजे पुढचं काम. या धंद्यात अर्ज करून नोकरी मिळत नाही. मागच्या चित्रपटात काय केलंत, ते बघून बोलावणं येतं. यादीत नाव नसेल तर केलेलं काम दाखवता येत नाही, दर वाढवून मागता येत नाही, तब्येत बिघडली तर ती या कामामुळे बिघडली हे सिद्ध करता येत नाही. आणि मागून येणाऱ्या मुलींना वाटतं, इथे बायका नव्हत्याच. दृश्य-परिणामांसाठीचं ऑस्कर पहिल्यांदा एका बाईला मिळालं ते १९८७ मध्ये, 'एलियन्स' चित्रपटासाठी सुझॅन बेन्सनला. दुसरी बाई, सारा बेनेट, तिथे पोचली २०१६ मध्ये. मधे २९ वर्षं! या २९ वर्षांत बायका काम करत नव्हत्या असं थोडंच आहे? माती मळणाऱ्या, केस टोचणाऱ्या, शिवणाऱ्या, तारा ओढणाऱ्या बायका होत्याच. पुरस्कार घ्यायला जाणाऱ्या चार नावांत त्या नव्हत्या.

आणि 'सगळ्यांनी मिळून केलं' हे खरं असेल तर सगळ्यांची नावं लिहा. सामूहिक काम म्हणजे बिननावाचं काम नव्हे. अनुभव असा आहे की 'सगळ्यांचं' म्हणून जे काम नोंदवलं जात नाही, ते काही काळाने कुणातरी एकाच्या नावावर चढतं. तो एक बहुधा विभागप्रमुख असतो, संचालक असतो, नवरा असतो.

आता आमचा अनुभव. काही वर्षांपूर्वी एका मोठ्या संस्थेने आम्हाला मुलींच्या आरोग्यावर खेळ बसवायला सांगितला. आम्ही चौघी होतो. एक शिवणकाम करणारी, एक धुणीभांडी करणारी, एक बालवाडी शिक्षिका आणि मी. अकरा बाहुल्या केल्या, संवाद आम्हीच रचले, चाळीसच्या वर प्रयोग झाले. पाळीच्या अंधश्रद्धेवर बोलणारी आमची आजीबाहुली इतकी लोकप्रिय झाली की बायका प्रयोगानंतर पडद्यामागे येऊन तिच्याशीच बोलायच्या. आमच्याशी नाही, तिच्याशी! आम्हाला त्याचा आनंद होता. तो खेळाचा विजय होता. मग संस्थेचा वार्षिक अहवाल आला. त्यात आजीबाहुलीचा पानभर रंगीत फोटो आणि खाली ओळ, 'संस्थेने विकसित केलेले अभिनव माध्यम'. आमच्यापैकी एकीचंही नाव नाही. शिवणकाम करणारी आमची मैत्रीण तो अहवाल घेऊन बालभवनात काम मागायला गेली. तिथल्या बाई म्हणाल्या, "हे तुम्ही केलंत याला पुरावा काय?" तिने आपली बोटं दाखवली. बोटांवर सुईचे व्रण होते. पण काम काही मिळालं नाही.

त्यानंतर आम्ही तिघी-चौघींनी काही नियम ठरवले. ते मी आज तुमच्यापुढे ठेवते, कारण बाहुल्या करणाऱ्या गटांइतकेच ते पथनाट्य करणाऱ्या, गाणी रचणाऱ्या, पोस्टर काढणाऱ्या गटांनाही लागू आहेत.

पहिला, काम सुरू करायच्या आधीच कागद करायचा. कोण काय करणार, किती दिवस, किती पैसे आणि नाव कुठे येणार. तोंडी गोडीगुलाबी पुरत नाही.

दुसरा, नावापुढे काम लिहायचं. 'सहकार्य', 'विशेष मदत' असे शब्द वापरायचे नाहीत. डोकी कुणी घडवली, कपडे कुणी शिवले, आवाज कुणाचा, हात कुणाचा, हे सरळ लिहायचं. योडाच्या यादीत 'बांधणी' असं लिहिलं होतं म्हणून आज वेंडीचं काम काय होतं ते कळतं.

तिसरा, बाईने स्वतःचं जे नाव सांगितलं तेच लिहायचं. सासरचं, माहेरचं, नुसतं स्वतःचं, तिची मर्जी. पण दर वेळी तेच राहील असं बघायचं.

चौथा, प्रयोगाच्या शेवटी पडदा बाजूला करून सगळ्याजणींनी बाहुल्या हातात घेऊन पुढे यायचं आणि आपापलं नाव मोठ्याने सांगायचं. सुरुवातीला आमच्या बायका फार लाजायच्या. पदर तोंडाला लावायच्या. आता धुणीभांडी करणारी आमची मैत्रीण इतक्या ठसक्यात नाव सांगते की मागच्या रांगेतली पोरं टाळ्या पिटतात. आणि मुलांचा बाहुलीवरचा विश्वास त्याने अजिबात कमी होत नाही. बाईने हात काढला की बाहुली मऊ पडते, घातला की जिवंत होते, हे डोळ्यांनी बघून मुलं उलट म्हणतात, मला पण शिकव.

पाचवा नियम हिशेबाचा. बाहुलीवर खर्च झालेला कापड, रंग, कागद यांचा हिशेब सगळे ठेवतात. तासांचा ठेवत नाहीत. आम्ही वहीत तास लिहितो. आमची आजीबाहुली पुन्हा नव्याने केली तेव्हा तिला एकूण ५२ तास लागले. हा आकडा समोर ठेवल्यावर मानधनाची बोलणी वेगळ्या सुरात होतात, हा आमचा अनुभव आहे.

माझी तुम्हाला विनंती आहे की, गावाला परत गेल्यावर आपापल्या संस्थेचे गेल्या पाच वर्षांचे अहवाल, पोस्टर, गाण्यांच्या पुस्तिका काढून बसा. ज्या ओव्या, घोषणा, चित्रं, नाटुकली त्यात आहेत, त्यांच्या कर्त्या अजून आपल्यात आहेत. त्यांना विचारा, नावं लिहून घ्या, पुढच्या आवृत्तीत छापा. मिलिसेंट पॅट्रिकचं नाव शोधायला दुसऱ्या एका बाईला जुन्या दप्तरांत वर्षानुवर्षं बसावं लागलं, आणि तोपर्यंत मिलिसेंट हयात नव्हती. आपल्याला तेवढं थांबायचं कारण नाही. आपल्या बायका शेजारच्या गल्लीत राहतात.

बाहेर ओसरीवर आमच्या बाहुल्या मांडल्या आहेत. प्रत्येकीच्या मोज्याच्या आतल्या बाजूला, हात जातो तिथे, करणारीचं नाव शिवलेलं आहे. जेवणानंतर या, हात घालून बघा.